कंपायलर तुमचं असेंब्ली वाचत नाही: सी कोडमध्ये इनलाइन असेंब्ली कशी लिहावी

सी कोडमध्ये प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन थेट लिहिण्यासाठी ‘एएसएम’ विधान असतं. जीसीसी या सी कंपायलरला त्यातल्या अवतरणचिन्हांमधला मजकूर कळत नाही. तिथे चोख इन्स्ट्रक्शन लिहा किंवा ‘गणपती बाप्पा मोरया’ लिहा. ‘-एस’ पर्याय देऊन असेंब्ली फाइल मागितली तर जीसीसी दोन्ही मजकूर मुकाट्याने उतरवून देतो. तक्रार येते ती पुढच्या टप्प्यावर, असेंब्लीचा मशीन कोड करणाऱ्या असेंबलरकडून. त्या मजकुराशी कंपायलरचा संबंध दोनच गोष्टींपुरता. %०, %१ अशा खुणांच्या जागी तो रजिस्टरची (प्रोसेसरच्या आतल्या साठवणजागांची) किंवा पत्त्यांची नावं भरतो. आणि ओळी व अर्धविराम मोजून तुकडा साधारण किती बाइटचा होईल याचा अंदाज बांधतो.

थोडक्यात, तुमचा असेंब्लीचा तुकडा म्हणजे बंद पाकीट. आत काय जातं, बाहेर काय येतं आणि वाटेत कशाची नासधूस होते, हे पाकिटावर तुम्ही लिहायचं. कंपायलर तेवढंच वाचतो, त्यावर शब्दशः विश्वास ठेवतो आणि आजूबाजूचा कोड हलवतो, गाळतो, एकत्र करतो. इनलाइन असेंब्लीतल्या बहुतेक चुका इन्स्ट्रक्शनमध्ये सापडत नाहीत, त्या पाकिटावरच्या मजकुरात सापडतात. त्या महिनोन्महिने दडून राहतात आणि कुणीतरी दुसऱ्याच फाइलमध्ये एक फंक्शन इनलाइन केलं (कॉलच्या जागी त्याचा कोडच उतरवला) की वर येतात.

इथली उदाहरणं एक्स८६-६४ लिनक्सवरची, जीसीसी आणि क्लँग या दोन कंपायलरांसाठीची, एटी अँड टी पद्धतीच्या असेंब्लीतली आहेत. कोडमधली नावं आणि अक्षरं देवनागरीत दिली आहेत; फाइलमध्ये त्यांचं रोमन स्पेलिंग टाइप करायचं. छोट्या आणि मोठ्या लिपीत जिथे अर्थ बदलतो तिथे तसं सांगितलं आहे.

आधी एक प्रश्न: गरज आहे का?

बाइट उलटवणं, बिट मोजणं, बेरजेतला ओव्हरफ्लो पकडणं, अ‍ॅटॉमिक बेरीज, टाइमस्टॅम्प काउंटर वाचणं, या सगळ्यांसाठी बिल्ट-इन फंक्शनं आहेत. बिल्ट-इनचा अर्थ कंपायलरला कळतो. इनपुट स्थिर असेल तर तो उत्तर कंपाइल करतानाच काढून टाकतो. बंद पाकिटाबाबत त्याला हे जमत नाही. अ‍ॅटॉमिक क्रियांसाठी तर हाताने ‘लॉक’ लावून असेंब्ली लिहिणं आज क्वचितच समर्थनीय ठरतं; जीसीसी ४.७ पासून मेमरी ऑर्डरसह बिल्ट-इन आहेत. खरी गरज उरते ती सिस्टिम कॉल (कर्नलकडे काम मागणं), पोर्टवर लिहिणं-वाचणं, कंट्रोल रजिस्टरं, कॉन्टेक्स्ट स्विच, चालू कोड पॅच करणं अशा ठिकाणी. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने तर ६४-बिट लक्ष्यासाठी इनलाइन असेंब्ली ठेवलीच नाही; तिथे इंट्रिन्सिक (बिल्ट-इनसारखी तयार फंक्शनं) किंवा वेगळी असेंब्ली फाइल एवढेच मार्ग.

साधं आणि विस्तारित

‘एएसएम’ दोन प्रकारचं. साध्या प्रकारात कंसात फक्त मजकूर असतो. विस्तारित प्रकारात मजकुरानंतर विसर्गचिन्हांनी वेगळे केलेले कप्पे येतात: पहिला आउटपुटचा, दुसरा इनपुटचा, तिसरा क्लॉबरचा, म्हणजे तुकडा जे बिघडवतो त्याच्या यादीचा, आणि हवा असेल तर चौथा सी लेबलांचा. फंक्शनच्या आत साधा प्रकार वापरू नका. तो कुठलं रजिस्टर बिघडवतो हे सांगायला त्यात जागाच नाही. त्याची जागा फंक्शनबाहेर, किंवा प्रोलॉग (कंपायलर घालतो तो सुरुवातीचा कोड) नसलेल्या ‘नेकेड’ फंक्शनांत. दोन्हींत रजिस्टरचं नाव लिहिण्याची पद्धतही वेगळी: साध्यात एक टक्का-चिन्ह, विस्तारितात दोन, कारण तिथे एकट्या टक्का-चिन्हाने ऑपरंडची, म्हणजे आत किंवा बाहेर जाणाऱ्या किमतीची, खूण सुरू होते. अनेक ओळींचा मजकूर असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी नव्या ओळीची आणि टॅबची खूण घाला. विसरलात तर दोन इन्स्ट्रक्शन एकमेकींना चिकटतात आणि असेंबलर भलत्याच ओळीकडे बोट दाखवतो.

पहिला तुकडा: टाइमस्टॅम्प काउंटर

‘आरडीटीएससी’ ही इन्स्ट्रक्शन ६४-बिट काउंटर वाचते, खालचे ३२ बिट ईएएक्समध्ये आणि वरचे ३२ ईडीएक्समध्ये ठेवते. तुकडा असा:

एएसएम व्होलाटाइल ("आरडीटीएससी" : "=ए"(खालचे), "=डी"(वरचे));

इथे ए आणि डी दोन्ही छोट्या लिपीतले. ते अनुक्रमे एएक्स आणि डीएक्स कुटुंबाची रजिस्टरं दाखवतात. ‘खालचे’ आणि ‘वरचे’ ही ३२-बिट चिन्हविरहित चलं. मग सी कोडमध्येच वरचे ६४-बिट करून ३२ जागा डावीकडे सरकवायचे आणि खालच्यांशी ‘ऑर’ करायचे. जुन्या कोडमध्ये मोठ्या लिपीतला ए वापरून एकाच ६४-बिट चलात उत्तर घेतलेलं दिसतं. ३२-बिट लक्ष्यावर ते बरोबर होतं, कारण तिथे ६४-बिट किंमत ईडीएक्स-ईएएक्स जोडीतच मावते. ६४-बिटवर मात्र एकच रजिस्टर पुरतं. कंपायलर त्या अक्षराचा अर्थ ‘आरएएक्स किंवा आरडीएक्स यांपैकी एक’ असा घेतो आणि अर्धा काउंटर हरवतो. कंपाइल होताना एक इशाराही येत नाही.

‘व्होलाटाइल’ इथे का? हा तुकडा दोनदा लिहिला आणि व्होलाटाइल घातलं नाही, तर कंपायलरला दिसतं ते एवढंच: इनपुट काही नाही, मजकूर तोच. म्हणजे उत्तरही तेच! मग तो एकच वाचन ठेवतो आणि फरक शून्य येतो. व्होलाटाइल लावल्यावर दोन्ही वाचनं राहतात आणि आपापसातला क्रमही टिकतो. ज्या एएसएमला आउटपुटच नाही ते आपोआप व्होलाटाइल धरलं जातं.

पण व्होलाटाइल म्हणजे कुंपण, ही समजूत महागात पडते. दोन व्होलाटाइल एएसएमचा आपसातला क्रम पक्का. त्यांच्या मधला साधा सी कोड मात्र कुठेही सरकू शकतो. दोन वाचनांच्या मध्ये लिहिलेला हिशेब कंपायलर पहिल्याच्या वर किंवा दुसऱ्याच्या खाली नेऊ शकतो, आणि तुम्ही मोजता ती रिकामी जागा. उपाय म्हणजे अवलंबन तयार करणं. पहिल्या वाचनानंतर एक रिकामा व्होलाटाइल एएसएम ठेवा आणि हिशेबात जाणारं चल त्यात "+आर" (वाचून मग लिहिलं जाणारं रजिस्टर) म्हणून द्या. आता कंपायलरच्या दृष्टीने त्या चलाची किंमत त्या ठिकाणीच ठरते, म्हणून हिशेब त्याआधी होऊ शकत नाही. हिशेबाचं उत्तर दुसऱ्या रिकाम्या एएसएममध्ये "आर" इनपुट म्हणून द्या आणि मगच काउंटर पुन्हा वाचा. एकही जास्तीची इन्स्ट्रक्शन न घालता क्रम बांधला जातो.

हे झालं कंपायलरपुरतं. प्रोसेसर स्वतःही इन्स्ट्रक्शन पुढेमागे करतो; त्यासाठी ‘एलफेन्स’ किंवा ‘आरडीटीएससीपी’ लागते. दुसरी निवडलीत तर लक्षात ठेवा, ती ईसीएक्समध्येही लिहिते. मजकुरात शेवटचं एक अक्षर वाढवायचं आणि क्लॉबरमध्ये आरसीएक्स घालायला विसरायचं, ही चूक फार पाहायला मिळते.

अक्षरांची भाषा

कन्स्ट्रेंटची, म्हणजे ऑपरंड कुठे ठेवायचा हे सांगणारी, रोज लागणारी अक्षरं थोडीच आहेत. छोटा आर म्हणजे कुठलंही सामान्य रजिस्टर. एम म्हणजे मेमरीतली जागा. आय म्हणजे कंपाइल होतानाच माहीत असलेली स्थिर किंमत. एक्स८६ वर छोटे ए, बी, सी, डी ही त्या-त्या नावाची रजिस्टरं, मोठा एस म्हणजे आरएसआय, मोठा डी म्हणजे आरडीआय. छोट्या आणि मोठ्या डीची अदलाबदल झाली तर कंपायलर ओरडत नाही, म्हणून तिथे दोनदा पाहा.

आउटपुटच्या अक्षरापुढे बरोबर-चिन्ह असेल तर फक्त लिहिलं जातं. अधिक-चिन्ह असेल तर आधी वाचून मग लिहिलं जातं. बरोबर-चिन्ह लावून आत जुनी किंमत वाचलीत तर हाती कचरा येतो, कारण ती किंमत रजिस्टरमध्ये भरण्याची कंपायलरला गरजच वाटत नाही.

खरी गोची ‘&’ या चिन्हाची. कंपायलर असं गृहीत धरतो की तुकडा आधी सगळे इनपुट वाचून संपवतो आणि मगच आउटपुट लिहितो. त्यामुळे इनपुट आणि आउटपुट एकाच रजिस्टरमध्ये ठेवायला त्याची हरकत नसते. समजा दोन ओळी अशा:

मूव्हएल $१, %०
अ‍ॅडएल %१, %०

आउटपुट "=आर"(उत्तर), इनपुट "आर"(संख्या). संख्या ५ असेल तर ६ यायला हवेत. दोन्ही ऑपरंड ईएएक्समध्ये बसले तर पहिली ओळ ५ पुसून १ लिहिते, दुसरी १ मध्ये १ मिळवते आणि उत्तर येतं २. आउटपुट "=&आर" केलं की कंपायलर त्याला कुठल्याही इनपुटचं रजिस्टर देत नाही. नियम सोपा: शेवटचा इनपुट वाचण्याआधी ज्या आउटपुटवर लिहिलं जातं, त्याला ‘&’. एकाच इन्स्ट्रक्शनच्या तुकड्याला ते सहसा लागत नाही. दोन झाल्या की प्रत्येक आउटपुटसाठी हा प्रश्न विचारायचाच.

ऑपरंडची रुंदीही बघायला हवी. %के० लिहिलं तर ३२-बिट नाव छापलं जातं, %क्यू० ने ६४-बिट, %डब्ल्यू० ने १६-बिट, %बी० ने ८-बिट. एआरएमच्या ६४-बिट लक्ष्यावर हा मुद्दा जास्त बोचतो: तिथे इंट चल दिलं तरी साधं %० पूर्ण ६४-बिट नाव छापतं, आणि वरच्या ३२ बिटांत काय असेल याची हमी नसते. तिथे %डब्ल्यू० लिहायचं. (हेच अक्षर एक्स८६ वर १६-बिट दाखवतं. दोन्ही लक्ष्यांवर काम करणाऱ्यांनी हे भिंतीवर चिकटवून ठेवावं.) क्लँग निदान इशारा देतो.

मुख्य उदाहरण: ‘राइट’ सिस्टिम कॉल

लिनक्सच्या ६४-बिट करारानुसार कॉलचा क्रमांक आरएएक्समध्ये जातो आणि सहा अर्ग्युमेंटं अनुक्रमे आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आर१०, आर८ आणि आर९ मध्ये. ‘राइट’चा क्रमांक १. उत्तर आरएएक्समध्येच येतं. ते −४०९५ ते −१ यांमध्ये असेल तर ती त्रुटी.

१. मजकुरात एकच शब्द: सिसकॉल. रजिस्टरं भरायची ‘मूव्ह’ आत लिहू नका. ते काम कन्स्ट्रेंट करतात. नवखे लोक नेमकं उलट करतात: आत चार मूव्ह लिहितात आणि मग ती चारही रजिस्टरं क्लॉबरमध्ये घालत बसतात.

२. आउटपुट एक: "=ए"(निकाल), निकाल हे लाँग चल.

३. इनपुट चार: "ए" मध्ये १, मोठ्या डीमध्ये फाइलचा क्रमांक, मोठ्या एसमध्ये बफरचा पत्ता, छोट्या डीमध्ये लांबी. ए आउटपुटलाही आहे आणि इनपुटलाही. ते चालतं, कारण कॉल आधी वाचतो आणि मग लिहितो. सगळ्या किमती लाँग किंवा पॉइंटर रुंदीच्या करून द्या. ३२-बिट इंट दिला तर रजिस्टरच्या वरच्या अर्ध्या भागाबद्दल कंपायलर कसलंही वचन देत नाही, आणि कर्नल लांबी ६४-बिट वाचतो.

४. क्लॉबर तीन: आरसीएक्स, आर११ आणि ‘मेमरी’.

या तिसऱ्या कप्प्यातच बहुतेकांचा घात होतो. ‘सिसकॉल’ इन्स्ट्रक्शन परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये आणि फ्लॅग (प्रोसेसरच्या स्थितीचे बिट) आर११ मध्ये ठेवते. ते हार्डवेअर करतं, कर्नलच्या मर्जीचा प्रश्न नाही. ही दोन नावं गाळली तर छोटा चाचणी प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो, कारण त्यात कंपायलरने तिथे काही ठेवलेलंच नसतं. मग हाच तुकडा एखाद्या लूपमध्ये इनलाइन होतो, -ओ२ (ऑप्टिमायझेशनची पातळी; -ओ० म्हणजे बंद) वर लूपचा मोजणारा आरसीएक्समध्ये बसतो आणि पहिल्या फेरीनंतर तिथे एक भलामोठा पत्ता असतो.

‘मेमरी’चं कारण जास्त सूक्ष्म आहे. तुम्ही कंपायलरला पॉइंटर दिला, म्हणजे एक संख्या दिली. त्या पत्त्यावरचा मजकूर आत वाचला जाणार आहे हे त्याला कळत नाही. स्थानिक अ‍ॅरेमध्ये तुम्ही पाच अक्षरं भरली, पत्ता एएसएमला दिला, नंतर अ‍ॅरेकडे पाहिलं नाही. ऑप्टिमायझरच्या लेखी ती पाच अक्षरं वाया गेली, म्हणून तो ती लिहितच नाही. पडद्यावर स्टॅकमधला केरकचरा येतो. ‘मेमरी’ लिहिलं की कंपायलर बाकी असलेली सगळी लेखनं एएसएमच्या आधी पूर्ण करतो आणि नंतर मेमरीतल्या किमती नव्याने वाचतो.

पण हा सरसकट उपाय आहे. तापलेल्या लूपमध्ये तो जड पडतो, कारण रजिस्टरमध्ये धरून ठेवलेल्या असंबंधित ग्लोबल किमतीही पुन्हा वाचाव्या लागतात. नेमकं सांगायचं असेल तर ‘मेमरी’ऐवजी एक बिनवापराचा "एम" इनपुट द्या: बफरचा पॉइंटर ‘लांबी इतक्या अक्षरांच्या अ‍ॅरेचा पॉइंटर’ असा कास्ट करून त्यावर तारांकन. मजकुरात त्याचा उल्लेखही करायचा नाही. तेवढी मेमरी वाचली जाणार हे कंपायलरला समजतं आणि बाकीच्याला हात लागत नाही. ‘रीड’ कॉल असेल तर तोच ऑपरंड "=एम" करून आउटपुटमध्ये; पण कॉलने बफर अर्धाच भरला तर उरलेला जुना मजकूर टिकायला हवा, म्हणून तिथे "+एम" जास्त सुरक्षित.

चौथं अर्ग्युमेंट आलं की आर१० लागतं आणि त्यासाठी एक्स८६ वर जुन्या काळापासून चालत आलेलं अक्षर नाही. मग रजिस्टरला बांधलेलं स्थानिक चल घ्यायचं: ‘रजिस्टर लाँग चौथं एएसएम("आर१०") = किंमत;’ आणि ते "आर" इनपुट म्हणून द्यायचं. जीसीसी या सोयीची हमी एवढ्याच कामापुरती देतो, की एएसएमच्या क्षणी ते चल त्या रजिस्टरमध्ये असेल. मधल्या काळात ते रजिस्टर दुसऱ्या कामासाठी वापरलं जाऊ शकतं. म्हणून अशा चलांना किंमत देणं आणि एएसएम यांच्या मध्ये फंक्शन कॉल ठेवू नका. किमती आधी साध्या चलांत काढून घ्या. भागाकारासारखी निरुपद्रवी दिसणारी क्रियाही काही लक्ष्यांवर लायब्ररीतल्या फंक्शनचा कॉल असते.

रिकामा एएसएम आणि अडथळे

मजकूर रिकामा, क्लॉबर ‘मेमरी’: लिनक्स कर्नलमधला ‘बॅरिअर’ मॅक्रो एवढाच आहे. तो कंपायलरला अडवतो, प्रोसेसरला अडवत नाही. दुसऱ्या कोअरला लेखनं ठरावीक क्रमाने दिसायला हवी असतील तर ‘एमफेन्स’ किंवा लॉक लावलेली इन्स्ट्रक्शन लागेल, किंवा बिल्ट-इन फेन्स.

आणखी एक खाच. ज्या स्थानिक चलाचा पत्ता कधी बाहेर गेलाच नाही, त्याला ‘मेमरी’ लागू होत नाही. पासवर्डचा बफर शून्याने पुसायचा आणि लगेच बॅरिअर टाकायचा, हे म्हणूनच पुरेसं पडेलच असं नाही. कंपायलर बफर रजिस्टरांत ठेवून पुसणंच काढून टाकू शकतो. कर्नलने यासाठी ‘बॅरिअर-डेटा’ ठेवला आहे: तोच रिकामा एएसएम, पण बफरचा पॉइंटर "आर" इनपुट म्हणून दिलेला. पत्ता पाकिटात गेला की त्यामागची मेमरीही हिशेबात येते.

इनपुट बदलायचा नाही

‘रेप मूव्हएसबी’ आरएसआयपासून आरडीआयकडे आरसीएक्स इतके बाइट उतरवते आणि जाताना तिन्ही रजिस्टरं बदलते. ही तिन्ही नुसते इनपुट म्हणून दिली तर कंपायलर समजतो की नंतरही त्यांत जुन्याच किमती आहेत, आणि पुढच्या ओळीत तोच पॉइंटर वापरतो. तो आता बफरच्या टोकाला गेलेला असतो. इनपुट म्हणून दिलेलं रजिस्टर क्लॉबरमध्ये लिहिता येत नाही. कंपायलर त्रुटी देतो. बरोबर पद्धत: तिन्हींच्या स्थानिक प्रती करा, त्यांना आउटपुटमध्ये अधिक-चिन्हासह मोठा डी, मोठा एस आणि छोटा सी द्या, आणि क्लॉबरमध्ये ‘मेमरी’. नंतर त्या प्रती वापरल्या नाहीत तरी चालतं.

या इन्स्ट्रक्शनची दिशा डिरेक्शन फ्लॅगवर ठरते. करारानुसार फंक्शनात शिरताना तो उतरलेला असतो. जीसीसी ४.३ ने, २००८ साली, या करारावर भरवसा ठेवून स्ट्रिंग इन्स्ट्रक्शनआधी ‘सीएलडी’ घालणं बंद केलं, आणि तेव्हा कळलं की लिनक्स कर्नल सिग्नल हँडलरला बोलावताना तो फ्लॅग उतरवतच नव्हता. तुमच्या तुकड्यात ‘एसटीडी’ असेल तर बाहेर पडण्याआधी ‘सीएलडी’ हवंच.

स्टॅकला हात लावताना

युजर प्रोग्रॅममध्ये फ्लॅग वाचण्यासाठी ‘पुशएफक्यू’ आणि मग ‘पॉपक्यू %०’ असा तुकडा सर्रास दिसतो. त्यात एक सुरुंग आहे. ६४-बिट सिस्टिम व्ही करारात स्टॅक पॉइंटरखालचे १२८ बाइट, ज्यांना रेड झोन म्हणतात, ते दुसऱ्या कुणाला कॉल न करणाऱ्या फंक्शनला स्टॅक पॉइंटर न हलवता वापरता येतात. कंपायलरने तिथे तुमचं चल ठेवलं असेल तर पुश त्याच्यावरच लिहितो. कर्नल ‘-एमनो-रेड-झोन’ देऊन कंपाइल होतो, म्हणून तिथून उचललेला तुकडा युजर प्रोग्रॅममध्ये फुटतो. युजर प्रोग्रॅमला मार्ग असे: बिल्ट-इन वापरा, तुकड्याच्या सुरुवातीला ‘लीआ’ने स्टॅक पॉइंटर १२८ ने खाली आणा आणि शेवटी परत वर न्या, किंवा २०२५ साली आलेला जीसीसी १५ असेल तर ‘रेडझोन’ हा नवा क्लॉबर लिहा. ‘लीआ’चा मार्ग निवडलात तर पॉपचा आउटपुट "=आर"च ठेवा. "=आरएम" दिलंत आणि कंपायलरने स्टॅकवरचा पत्ता निवडला, तर स्टॅक पॉइंटर हललेला असल्याने तो पत्ता चुकतो.

एएसएममधून सी फंक्शनला ‘कॉल’ करणं शक्य तितकं टाळा. करायचंच झालं तर कॉल केलेलं फंक्शन बिघडवू शकेल अशी सगळी रजिस्टरं, व्हेक्टर रजिस्टरांसह, क्लॉबरमध्ये हवीत, स्टॅक १६ बाइटांवर जुळलेला हवा आणि रेड झोनचा बंदोबस्त हवा. शिवाय कंपायलरला कॉल दिसत नाही, म्हणून तो फंक्शनला फ्रेमशिवाय ठेवू शकतो.

लेबल आणि उड्या

तुकड्यात नावाचं लेबल लिहिलं की ते फंक्शन दोन ठिकाणी इनलाइन होताच ‘सिम्बॉल आधीच व्याख्यात’ अशी त्रुटी येते. लूप उलगडला गेला तरी तेच. अंकी लेबलं वापरा: १ आणि विसर्गचिन्ह, मागे उडी मारायला १बी, पुढे १एफ. नावच हवं असेल तर त्यात ‘%=’ घाला; प्रत्येक प्रतीत तिथे वेगळा आकडा छापला जातो.

उडी तुकड्याच्या आतच राहिली पाहिजे. सी लेबलाकडे जायचं तर ‘एएसएम गोटू’ आणि चौथा कप्पा. मजकुरात लेबल ‘%एल’ आणि चौकटी कंसात नाव असं लिहायचं. जीसीसी ४.५ पासून हे आहे. लिनक्सच्या स्टॅटिक की यावरच उभ्या आहेत: वाटेत एक नॉप (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन), तिचा पत्ता ‘जंप टेबल’ सेक्शनमध्ये, आणि गरज पडली की कर्नल चालू असतानाच नॉपची उडी होते. आउटपुटसह एएसएम गोटू जीसीसी ११ आणि क्लँग ११ पासून मिळतं.

एखाद्या तुलनेचं उत्तर फक्त फ्लॅगमध्ये हवं असेल तर ‘सेट’ इन्स्ट्रक्शन लिहून बाइटमध्ये आणण्याची गरज नाही. जीसीसी ६ पासून एक्स८६ वर "=@सीसीझेड" असा आउटपुट देता येतो. कंपायलर थेट झिरो फ्लॅगवर उडी बेततो, एक तुलना आणि एक रजिस्टर वाचतं. जाता जाता: एक्स८६ वर फ्लॅग बिघडतात असंच कंपायलर धरून चालतो, म्हणून ‘सीसी’ क्लॉबर तिथे शोभेचा. एआरएमवर तो गाळलात तर तुलना आणि उडी यांच्या मध्ये तुमचा तुकडा येऊन बसेल.

स्थिर किंमत आणि -ओ०

पोर्टवर लिहिणारा तुकडा: ‘आउटबी %बी०, %डब्ल्यू१’, इनपुट "ए"(किंमत) आणि दुसऱ्यासाठी दोन अक्षरं एकत्र, मोठा एन आणि छोटा डी. पोर्टचा आकडा ० ते २५५ मधली स्थिर किंमत असेल तर तो इन्स्ट्रक्शनमध्येच जातो, नाहीतर डीएक्समध्ये. हा दुसरा पर्याय ठेवणं महत्त्वाचं. फक्त "आय" दिलंत आणि किंमत इनलाइन फंक्शनच्या अर्ग्युमेंटमधून येत असेल, तर -ओ२ वर कंपाइल होणारा कोड -ओ० वर ‘अशक्य कन्स्ट्रेंट’ म्हणून थांबतो. तिथे अर्ग्युमेंट स्थिर किंमत म्हणून आत पोचत नाही. पर्याय ठेवणं शक्य नसेल तर फंक्शनऐवजी मॅक्रो करा.

जीसीसी आणि क्लँग कुठे वेगळे वागतात

क्लँगचा असेंबलर त्याच्या पोटातच असतो. मजकूर तिथे खरोखर तपासला जातो, म्हणून बाप्पांचा जयजयकार ‘-एस’ लाही अडतो. त्रुटीत सी फाइलमधली ओळ आणि भरलेला मजकूर दोन्ही दिसतात. क्लँगच्या बऱ्याच आवृत्त्या "आरएम" असं दोन्ही चालेल म्हटलं की मेमरीच निवडतात, रजिस्टर मोकळं असलं तरी. वेग महत्त्वाचा असेल तिथे नुसतं "आर" द्या.

जीसीसीचा लांबीचा अंदाज इनलाइन करण्याच्या निर्णयात शिरतो. दुसऱ्या सेक्शनमध्ये नोंदी टाकणारा दहा ओळींचा मजकूर प्रत्यक्षात एका इन्स्ट्रक्शनचा असला तरी जीसीसी तो लांबलचक समजतो आणि भोवतालचं फंक्शन इनलाइन करत नाही. जीसीसी ९ ने यासाठी ‘एएसएम इनलाइन’ आणलं: हा तुकडा कमीत कमी लांबीचा धरा, असं सांगायला.

रस्टमध्ये, आवृत्ती १.५९ पासून स्थिर झालेल्या एएसएम मॅक्रोत, गृहीतकं उलटी आहेत. तिथे मेमरी आणि फ्लॅग बिघडतात असंच आधी धरलं जातं आणि तसं होत नसेल तर तुम्ही सांगायचं. विसरलात तर कोड थोडा संथ होतो, चुकीचा होत नाही. सीमधून आलेल्यांना हा हेवा वाटावा असा निर्णय आहे.

तपासणी

कोड चालला म्हणून पाकीट बरोबर ठरत नाही. ‘-ओ२ -एस’ देऊन फाइल काढा; जीसीसी तुमच्या मजकुराभोवती ‘#एपीपी’ आणि ‘#नो_एपीपी’ अशा खुणा टाकतो. त्या शोधा आणि तीन गोष्टी पाहा: दोन ऑपरंडना एकच रजिस्टर मिळालं आहे का, आधीची मेमरीतली लेखनं जागेवर आहेत का, आणि नंतरचा कोड तुम्ही बिघडवलेलं रजिस्टर वाचतो आहे का. क्लँगला ‘-एमिट-एलएलव्हीएम’ दिलं तर करार एका ओळीत दिसतो: व्होलाटाइल असेल तर ‘साइडइफेक्ट’ हा शब्द, मग कन्स्ट्रेंट, मग लाटेच्या चिन्हामागे क्लॉबर. तुम्ही न लिहिलेले डिरेक्शन फ्लॅग आणि फ्लॅग हे एक्स८६ वर क्लँगने स्वतः जोडलेले तिथे आढळतील.

मग तोच कोड -ओ०, -ओ२, -ओ३ आणि लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनसह, दोन्ही कंपायलरांवर चालवा. लिंक-टाइमच्या वेळी एक वेगळीच गडबड होते: ज्या सी फंक्शनचं नाव फक्त असेंब्लीच्या मजकुरात आहे ते कंपायलरला बिनवापराचं वाटतं आणि तो ते टाकून देतो. त्याला ‘यूज्ड’ अ‍ॅट्रिब्यूट लावा.

-ओ२ वर बिघडणारा तुकडा हाती आला तर आधी व्होलाटाइल आणि ‘मेमरी’ दोन्ही लावा आणि प्रत्येक आउटपुटला ‘&’ द्या. दोष गेला तर करारात काहीतरी गाळलं होतं हे नक्की. मग एकेक काढत जा आणि कुठलं काढल्यावर दोष परततो ते पाहा. तिन्ही लावूनही दोष राहिला, तर गाळलेलं रजिस्टर शोधा: त्या इन्स्ट्रक्शनच्या वर्णनात ती गुपचूप कुठे लिहिते ते प्रोसेसरच्या मॅन्युअलमध्ये वाचा. ‘सीपीयूआयडी’ चार रजिस्टरं लिहिते, ‘एमयूएल’ आरडीएक्सही लिहिते, आणि ‘सिसकॉल’चं वर पाहिलंच.